तरंगलांबीची मोजपट्टी : दैनंदिन व्यवहारातील अँटेना आणि रेडिओ लहरी

गोषवारा : रेडिओ, दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी आणि रेडिओ दुर्बीण ही साधने परस्परांपासून भिन्न भासत असली, तरी त्यांच्या अँटेनांचे आकार एकाच राशीने ठरतात आणि ती राशी म्हणजे तरंगलांबी. प्रस्तुत लेखात विद्युतप्रवाहापासून रेडिओ लहर कशी निर्माण होते, अँटेनाची लांबी कशी ठरते व घरगुती अनुभवांत हे नियम कोठे दिसतात, याचे विवेचन केले आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या उदाहरणावरून या ज्ञानाचा सार्वजनिक निर्णयांशी असलेला संबंधही तपासला आहे.

बीजशब्द : अँटेना, तरंगलांबी, अनुस्पंदन, ध्रुवण, रेडिओ दुर्बीण, रेडिओ व्यत्यय

प्रस्तावना

जुन्या रेडिओसंचांच्या काचपट्टीवर आकडे मीटरमध्ये छापलेले असत. आकाशवाणी आणि रेडिओ सिलोन ऐकणाऱ्या पिढीला ‘२५ मीटर’, ‘३१ मीटर’, ‘४१ मीटर’ हे शब्द इतके सवयीचे होते, की ते एका भौतिक लांबीचे माप आहे याकडे सहसा लक्ष जात नसे. १९५२ मध्ये सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ ऐकण्यासाठी लघुलहरींच्या पट्ट्यावर काटा सरकविणारा श्रोता खरे तर तरंगलांबी निवडत होता. पुढे एफएम केंद्रे आली आणि मीटरची जागा मेगाहर्ट्झने घेतली. त्यानंतर भ्रमणध्वनीच्या काळात ‘फोर-जी’, ‘फाइव्ह-जी’ ही नावे रूढ झाली. या नावांमधून कोणत्याही भौतिक राशीचा बोध होत नाही.

अशा रीतीने तरंगलांबी व्यवहाराच्या भाषेतून हद्दपार झाली. अँटेनाला मात्र आजही दुसरी कोणतीही मोजपट्टी ठाऊक नाही. प्रकाशवेगाला वारंवारतेने भागले असता तरंगलांबी मिळते, हे सूत्र पदवीपूर्व वर्गातील प्रत्येक विद्यार्थी लिहितो. परंतु ते उत्तर घेऊन गच्चीवरच्या एरियलची कांडी मोजण्याचा प्रयोग फार थोड्या महाविद्यालयांत होतो. संप्रेषणाचे प्रकरण ठोकळाकृती आणि व्याख्या यांवर आटोपते, आणि अँटेना म्हणजे ‘लहरी पकडणारी तार’ ही शालेय समजूत पदवीनंतरही कायम राहते. ही समजूत चुकीची नाही. ती अपुरी आहे, आणि तिचा अपुरेपणा पुढे मोबाइल मनोऱ्यांच्या भीतीत किंवा रेल्वेमार्गाच्या वादात अनपेक्षितपणे उघडा पडतो.

विद्युतप्रवाहापासून लहरीपर्यंत

स्थिर विद्युतभाराभोवती विद्युतक्षेत्र असते, आणि एकसमान वाहणाऱ्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असते. ही दोन्ही क्षेत्रे आपल्या उगमाशी बांधलेली असतात. ती ऊर्जा दूर पाठवीत नाहीत. विद्युतभाराचा वेग बदलू लागला की परिस्थिती पालटते. भार हलल्याची वार्ता क्षेत्रातून प्रकाशवेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर या गतीने पसरते. जेथे वार्ता पोहोचली तेथील क्षेत्र नव्या स्थितीनुसार असते, जेथे पोहोचली नाही तेथे ते जुन्याच स्थितीनुसार असते, आणि या दोहोंच्या सीमेवर क्षेत्ररेषांना एक मोड पडतो. लांब दोराचे एक टोक हाताने झटकले असता मोड जसा पुढे सरकत जातो, तसाच हा मोड बाहेर धावतो. भार पुनःपुन्हा खालीवर हलविला की मोडांची मालिका तयार होते. हीच विद्युतचुंबकीय लहर होय.

बांधलेली क्षेत्रे अंतराच्या वर्गाच्या किंवा घनाच्या प्रमाणात क्षीण होतात. धावणारा मोड मात्र केवळ अंतराच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होतो. म्हणून उगमाजवळ बांधलेल्या क्षेत्रांचे प्राबल्य असते आणि दूरवर लहरीचे. ‘जवळ’ आणि ‘दूर’ यांची सीमा साधारणतः तरंगलांबीच्या एकषष्ठांशावर येते. तरंगलांबीच्या मोजपट्टीची गरज येथूनच सुरू होते.

घरातील विजेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी ६,००० किलोमीटर. या लांबीपुढे घरातील वायरिंग तर नगण्यच, परंतु कोयनेची वीज मुंबईपर्यंत आणणारी वाहिनीदेखील आखूड ठरते. म्हणूनच इतक्या प्रचंड शक्तीचा प्रत्यावर्ती प्रवाह वाहूनही त्या तारांतून लहरींच्या रूपाने ऊर्जा जवळजवळ निसटत नाही. तीच दीड मीटरची तार घेऊन तिच्यातील प्रवाहाची दिशा सेकंदाला दहा कोटी वेळा आलटून-पालटून बदलू लागली, तर ती उत्तम प्रक्षेपक बनते. तारेत काहीच बदल झालेला नसतो; बदललेले असते ते तारेची लांबी आणि तरंगलांबी यांचे गुणोत्तर.

इतिहासातील तीन प्रयोग याच गुणोत्तराच्या प्रकाशात वाचता येतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ च्या शोधनिबंधात मांडलेल्या लहरी हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूह येथे प्रत्यक्ष निर्माण केल्या. दोन धातूच्या दांड्या, त्यांच्यामधील लहानशी फट आणि त्या फटीत उडणारी ठिणगी हा त्यांचा प्रक्षेपक होता. काही मीटरवर ठेवलेल्या तारेच्या वेटोळ्याच्या फटीत उमटणारी अतिसूक्ष्म ठिणगी हा ग्राहक होता. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जाहीर प्रात्यक्षिक केले. त्यांच्या संशोधनातील लहरी काही मिलिमीटर इतक्या लहान असल्याने त्यांची बरीचशी उपकरणे टेबलावर मावत. लहरी गोळा करण्यासाठी ते धातूचे नरसाळे वापरीत. याउलट १२ डिसेंबर १९०१ रोजी अटलांटिकपलीकडून आलेला संकेत ऐकल्याचे मार्कोनी यांनी सांगितले, तेव्हा त्यांना सुमारे दीडशे मीटर लांबीची तार पतंगाला बांधून आकाशात चढवावी लागली होती. बोस यांचे टेबल आणि मार्कोनी यांचा पतंग यांतील फरक तरंगलांबीचा आहे. बोस यांच्या कार्याचा गौरव आपल्याकडे वारंवार होतो, पण तो बहुधा ‘आधी कोण’ या प्रश्नावर थांबतो. त्यांनी मिलिमीटर लहरी निवडल्यामुळे प्रकाशशास्त्राचे नियम टेबलावर तपासता आले, ही त्यातील खरी सूक्ष्मदृष्टी त्या वादात झाकली जाते.

अर्ध्या लांबीची तार

अँटेनाचे मूलरूप म्हणजे मध्यभागी तोडलेली, अर्ध्या तरंगलांबीची सरळ तार. तिला द्विध्रुव अँटेना म्हणतात. तारेच्या मध्याशी दिलेला विद्युतदाब इलेक्ट्रॉनांना टोकाकडे ढकलतो. टोकाशी वाट संपते, भार साचतो आणि प्रवाह परततो. या येण्याजाण्याचा काल आंदोलनाच्या कालाशी जुळला की अल्प प्रेरणेने मोठा प्रवाह डोलू लागतो. सतारीच्या मुख्य तारेवर सूर छेडला असता खालची त्याच सुरात लावलेली तरफेची तार आपोआप झंकारते, तोच हा अनुस्पंदनाचा नियम. टोकांशी प्रवाह शून्य व मध्याशी सर्वाधिक असतो. अशा तारेचा मध्याशी प्रतीत होणारा रोध सुमारे ७३ ओहम येतो. दूरचित्रवाणीची केबल ७५ ओहमची असते, त्याचे एक कारण या जुळणीत सापडते. तीच तार दुमडून दोन्ही टोके जोडली असता रोध चौपट, म्हणजे सुमारे ३०० ओहम होतो. जुन्या गच्च्यांवरून खाली उतरणारी दोन तारांची चपटी फीत याच मापाची होती.

तारेचा अर्धा भाग काढून त्याऐवजी वाहक जमीन ठेवली तरी काम भागते, कारण जमीन आरशाप्रमाणे उरलेल्या अर्ध्याची प्रतिमा पुरविते. मध्यम लहरींच्या केंद्रांचे उंच मनोरे या तत्त्वावर उभे असतात. पुणे आकाशवाणीची पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेली ७९२ किलोहर्ट्झ ही वारंवारता घेतली तर तरंगलांबी सुमारे ३७९ मीटर येते आणि तिचा चतुर्थांश सुमारे ९५ मीटर. अशा केंद्रांत बहुधा संपूर्ण मनोराच अँटेना असतो; तो तळाशी चिनीमातीच्या विद्युतरोधकावर तोललेला असतो आणि त्याच्या पायथ्यापासून चक्राच्या आऱ्यांप्रमाणे तांब्याच्या तारा जमिनीत पुरलेल्या असतात. सिंहगडावरील दूरचित्रवाणीचा किंवा गावातील मोबाइलचा मनोरा या अर्थाने अँटेना नाही. तो केवळ आधारस्तंभ आहे, अँटेना त्याच्या माथ्याजवळ बसविलेली असते. दोन्हींना ‘टॉवर’ हा एकच शब्द वापरला जात असल्याने हा भेद विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही.

आता ग्रहणाचा विचार करू. दूरहून आलेल्या लहरीतील विद्युतक्षेत्र तारेतील इलेक्ट्रॉनांना हलविते आणि सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. जी अँटेना ज्या दिशेला उत्तम प्रक्षेपण करते, त्याच दिशेकडून ती उत्तम ग्रहण करते. प्रक्षेपण व ग्रहण यांचा हा अन्योन्यसंबंध सिद्धान्ताने बांधलेला आहे. तथापि येथे एक प्रश्न उभा राहतो, तो वर्गात अवश्य विचारला जावा. तार तर दोन-तीन मिलिमीटर जाडीची. तिच्यावर ‘आदळणारी’ ऊर्जा अत्यल्प असणार, मग संकेत मिळतो कसा? उत्तर असे, की तारेत निर्माण झालेला प्रवाह स्वतःही लहर उत्सर्जित करतो आणि ती लहर मूळ लहरीशी मिसळून भोवतालचा ऊर्जाप्रवाह तारेकडे वळविते. अर्धतरंगी तारेचे परिणामी ग्रहणक्षेत्र तरंगलांबीच्या वर्गाच्या सुमारे ०.१३ पट असते. तीन मीटर तरंगलांबीसाठी ते १.१७ चौरस मीटर भरते, आणि तारेच्या जाडीचा त्यात जवळजवळ संबंध येत नाही. लहर ही पावसाच्या थेंबांसारखी वरून पडते आणि अँटेना पन्हळीसारखी ती झेलते, हे चित्र येथे पूर्णपणे अपुरे पडते.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अँटेना केंद्र निवडत नाही. कोणत्याही क्षणी तिच्यात शेकडो केंद्रांचे प्रवाह एकत्र डोलत असतात. त्यांतून हवा तो निवडण्याचे काम संचातील वेटोळे व धारित्र यांचे मंडल करते. काटा फिरवला की ध्वनिलहरी ‘पकडल्या’ जातात, अशी वाक्ये आजही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत आढळतात. वस्तुतः हवेतून प्रवास करते ती विद्युतचुंबकीय लहर. ध्वनीचा केवळ ठसा तिच्या उंचीत किंवा वारंवारतेत उमटविलेला असतो.

घर, गच्ची आणि अंगण

ट्रान्झिस्टरची मागे-पुढे होणारी चकचकीत कांडी पूर्ण उघडली असता अनेकदा पाऊण मीटरच्या आसपास भरते. १०१ मेगाहर्ट्झची तरंगलांबी २.९७ मीटर असते आणि तिचा चतुर्थांश ७४ सेंटिमीटर. त्याच ट्रान्झिस्टरवर मध्यम लहरी लावल्या की कांडीचा उपयोग उरत नाही, कारण तेथे चतुर्थांश शंभर मीटरच्या घरात जातो. त्यासाठी संचाच्या आत फेराइटची बोटभर जाड कांडी आणि तिच्यावर तारेचे वेटोळे असते. ते लहरीच्या चुंबकीय अंगाला प्रतिसाद देते. ट्रान्झिस्टर फिरविता फिरविता एका दिशेला आवाज बुडतो, हा अनुभव जुन्या श्रोत्यांना असतोच. फेराइटची कांडी केंद्राकडे रोखली गेली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र शून्यवत होते. इतकी लहान अँटेना कार्यक्षमतेच्या दृष्टीने अत्यंत दरिद्री आहे. तरीही तिच्यावर भागते, कारण मध्यम लहरींच्या पट्ट्यात विजांमुळे व यंत्रांमुळे होणारा गोंगाटच एवढा असतो की अँटेना संकेत आणि गोंगाट दोन्ही सारखेच कमी करते व त्यांचे गुणोत्तर बदलत नाही. प्रक्षेपकाला ही सवलत नसते. म्हणून एकाच केंद्रासाठी शंभर मीटरचा मनोरा आणि खिशात मावणारा ट्रान्झिस्टर ही विसंगत जोडी शक्य होते.

एफएम ऐकताना कांडीला हात लावला की आवाज कधी सुधारतो, कधी बिघडतो. माणसाचे शरीर वाहक आहे आणि त्याची उंची एफएमच्या अर्ध्या तरंगलांबीच्या जवळ येते, त्यामुळे तो नकळत अँटेनाचा भाग बनतो. घाटातील वळणावर एफएम तुटते, पण मध्यम लहरी टिकतात; ३७९ मीटरच्या लहरीपुढे डोंगराची सोंड हा फार मोठा अडथळा नसतो व ती त्याला वळसा घालते, तीन मीटरच्या लहरीला ते साधत नाही.

गच्चीवरील अनेक कांड्यांचा एरियल जपानमधील सेंदाई येथे शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून आला. त्यात केबल एकाच कांडीला जोडलेली असते. मागची किंचित लांब कांडी लहर परत फेकते, पुढच्या किंचित आखूड कांड्या तिला दिशा देतात. त्या कोणालाही जोडलेल्या नसतात, तरी त्यांच्यात निर्माण होणारे प्रवाह योग्य कलांतराने पुन्हा लहरी पाठवितात आणि सर्वांची बेरीज एका दिशेला होते. कांड्या आडव्या असत, कारण दूरचित्रवाणीच्या लहरींचे विद्युतक्षेत्र आपल्याकडे सामान्यतः आडवे ठेवले जाई. वाऱ्याने एरियल फिरला किंवा त्यावर कावळा बसला की चित्र बिघडे आणि मग घरातील एकाने गच्चीवर जाऊन दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं’ म्हणून ओरडायचे, हा त्या काळचा कौटुंबिक प्रयोगच होता. दूरदर्शनने २०२१-२२ पर्यंत बहुतेक अ‍ॅनालॉग भूप्रसारण बंद केले आणि ते एरियल निरुपयोगी झाले. अनेक इमारतींवर त्यांचे सांगाडे अजूनही उभे आहेत. प्रयोगशाळेसाठी त्याहून स्वस्त साहित्य मिळणे कठीण.

त्यांची जागा घेणारी डिश काटेकोरपणे बोलायचे तर अँटेना नव्हे, आरसा आहे. खरी अँटेना तिच्यासमोरच्या दांड्यावरील डबीत असते. तेथे नरसाळे असते, बोस यांच्या नरसाळ्याचेच वंशज. आणि त्याच्या आत काही मिलिमीटर लांबीची कांडी, कारण उपग्रहावरून येणाऱ्या लहरींची तरंगलांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते. विषुववृत्तावरील उपग्रहांकडे पाहण्यासाठी पुण्यातील डिश साधारणतः आग्नेयेकडे वळलेल्या दिसतात. त्या जवळजवळ उभ्या भासतात, परंतु त्यांचे परावर्तन तिरके असल्याने त्यांची नजर क्षितिजापासून बरीच वर रोखलेली असते. आषाढातील धुवांधार सरीत चित्र गोठते, याचे कारणही मोजपट्टीत आहे. पावसाचे टपोरे थेंब काही मिलिमीटरचे, लहर अडीच सेंटिमीटरची. आकार जवळ आल्याने थेंब तिला शोषतात व विखुरतात. तीन मीटरच्या एफएम लहरीला तोच पाऊस जाणवतही नाही.

भ्रमणध्वनीच्या ९०० मेगाहर्ट्झसाठी चतुर्थांश ८.३ सेंटिमीटर, तर १८०० मेगाहर्ट्झसाठी ४.२ सेंटिमीटर. त्यामुळे पूर्वीच्या संचावर दिसणारी शेंडी आत गेली आणि पुढे संचाच्या धातूच्या कडेलाच फटी पाडून तिचेच तुकडे अँटेना म्हणून वापरले जाऊ लागले. मनोऱ्यावरील उभ्या पेटीत अनेक लहान अँटेना एकावर एक रचलेल्या असतात. रचना उभी असल्यामुळे तिचा झोत उभ्या दिशेत अरुंद आणि आडव्या दिशेत पसरट होतो. दीपगृहाच्या पायथ्याशी जसा अंधार असतो, तसा मनोऱ्याच्या थेट खाली झोत क्षीण असतो. मनोरे आणि आरोग्य या विषयावरील चर्चेत हे क्वचितच सांगितले जाते. १८०० मेगाहर्ट्झच्या एका प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे ७.४ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. अणूतून इलेक्ट्रॉन सुटण्यासाठी लागणारी दहा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासची ऊर्जा तिच्या सुमारे तेरा लाख पट आहे. प्रकाशविद्युत परिणाम शिकविणाऱ्या अध्यापकाला पुढचे पाऊल सुचविण्याची गरज नाही. उरतो तो उष्णतेचा परिणाम, आणि मर्यादा त्या परिणामावर ठरतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये सीमित पुराव्याच्या आधारे या लहरींना ‘संभाव्य’ गटात ठेवले, हे लपविण्याचे कारण नाही. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश इतकी कडक मर्यादा लागू केली. मात्र मनोरा दूर गेला की कानाशी धरलेला संच आपली प्रक्षेपणशक्ती वाढवितो, ही साधी गोष्ट मनोरा हटविण्याच्या मागणीत सहसा विचारात घेतली जात नाही.

खोडदची जाळी

पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळील खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यांतील १४ मध्यवर्ती भागात आणि १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन शाखांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरलेल्या आहेत. प्रथमच पाहणाऱ्याला नवल वाटते ते त्यांच्या पारदर्शकतेचे. डिशमधून आकाश दिसते. पृष्ठभाग पत्र्याचा नसून पोलादी तारेच्या जाळीचा आहे व जाळीची छिद्रे १० ते २० मिलिमीटरची आहेत.

जाळी आरशाचे काम कसे करते? मायक्रोवेव्ह भट्टीच्या दारातील छिद्रांतून अन्न दिसते, पण १२ सेंटिमीटरच्या लहरी बाहेर येत नाहीत. छिद्र तरंगलांबीच्या मानाने बरेच लहान असेल तर लहरीच्या दृष्टीने ती जाळी म्हणजे अखंड भिंत असते. खोडदची दुर्बीण सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे अडीच मीटर ते वीस सेंटिमीटर या मर्यादेत काम करते. हायड्रोजन अणूची सुप्रसिद्ध २१ सेंटिमीटरची लहरही तीत येते. या लहरींसाठी जाळी ही भिंत आणि वाऱ्यासाठी ती खिडकी. वाऱ्याचा दाब कमी झाला की सांगाडा हलका करता येतो, सांगाडा हलका झाला की खर्च उतरतो. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी दोरांच्या चौकटीवर ताणलेल्या जाळीची ही रचना कल्पिली. त्याआधी १९७० मध्ये उदकमंडलम् येथे त्यांनी ५३० मीटर लांबीची दुर्बीण अशा उतारावर उभारली होती, की तो उतार त्या स्थळाच्या अक्षांशाशी जुळत होता. परिणामी एकाच अक्षाभोवती फिरवून आकाशातील स्रोतांचा तासन्‌तास मागोवा घेता येई. साधनांची टंचाई भूमितीने भरून काढण्याची ही पद्धत भारतीय उपकरणनिर्मितीच्या इतिहासात स्वतंत्र अभ्यासाचा विषय व्हावी, इतकी मोलाची आहे.

दुर्बिणीची सूक्ष्मदृष्टी तरंगलांबी भागिले व्यास या गुणोत्तराने ठरते. २१ सेंटिमीटरसाठी एकट्या ४५ मीटरच्या डिशला पौर्णिमेच्या चंद्राच्या अर्ध्या रुंदीहून लहान तपशील वेगळे करता येत नाहीत. परंतु २५ किलोमीटरवरील डिशांचे संकेत एकत्र गुंफले की हीच मर्यादा सुमारे दोन विकलांवर येते. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे ‘स्कियापरेली’ यान मंगळावर उतरत असताना त्याचा काही वॅटचा संकेत सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून खोडदने ऐकला, आणि अपेक्षित अवतरणाच्या थोडे आधी तो खंडित झाल्याचेही प्रथम येथेच जाणवले.

शांततेची किंमत

एवढे क्षीण संकेत ऐकणाऱ्या साधनाला आसपासचा कोलाहल कसा सोसेल, याचे एक साधे गणित करता येते. समजा, चंद्रावर एक भ्रमणध्वनी एक वॅट शक्तीने, २०० किलोहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात सर्व दिशांना प्रक्षेपण करीत आहे. चंद्राचे अंतर ३,८४,४०० किलोमीटर धरले तर पृथ्वीवर त्याची तीव्रता सुमारे २७० जान्स्की येते. सूर्य आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके स्रोत वगळता आकाशात याहून प्रखर काही नाही. खोडदचे संशोधन तर जान्स्कीच्या हजारांश व त्याहूनही लहान भागांत चालते. हा भ्रमणध्वनी चंद्रावर नसून शेजारच्या रस्त्यावर असेल तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. मोबाइलचे ७००, ८०० आणि ९०० मेगाहर्ट्झचे पट्टे दुर्बिणीच्या मर्यादेतच पडतात.

स्थळाची निवड करताना कमी गोंगाट, भोवतालच्या डोंगरांचा आडोसा आणि भूचुंबकीय विषुववृत्तापासूनचे अंतर हे निकष पाहिले गेले. त्यानंतरच्या काळात जुन्नर आणि आंबेगाव हा परिसर झपाट्याने बदलला. येथे सर्वांत कठीण शत्रू मोबाइल नाही, कारण त्याचे पट्टे निश्चित असतात आणि ते वगळता येतात. अवघड असते ती ठिणगी. वीजवाहिनीच्या सैल जोडात किंवा तडकलेल्या विद्युतरोधकावर उडणारी क्षणिक ठिणगी एका वारंवारतेवर न थांबता अनेक वारंवारतांवर एकदम पसरते. हर्ट्झ यांनी नेमकी हीच युक्ती वापरली होती. विद्युत रेल्वेच्या वरच्या तारेवरून घसरत जाणारा पँटोग्राफ क्षणभर सुटला की तेथे ठिणगी उडते, आणि प्रत्येक ठिणगी हा कार्ल्सरूहच्या प्रक्षेपकाचा लहानसा अवतार असतो.

पुणे–नाशिक अर्ध-अतिवेगवान रेल्वेच्या नारायणगाव परिसरातून जाणाऱ्या मूळ आखणीला दुर्बिणीच्या बाजूने आक्षेप आला तो याच कारणाने. २०२४ च्या अखेरीस केंद्रीय रेल्वेमंत्र्यांनी ही आखणी बदलावी लागेल अशी भूमिका मांडली, आणि रेल्वेची अनेक वर्षे वाट पाहणाऱ्या जुन्नर–संगमनेर पट्ट्यातून नाराजी व्यक्त झाली. ती नाराजी अनाठायी म्हणता येणार नाही. कांदा, टोमॅटो आणि भाजीपाला पिकविणाऱ्या या भागाला रेल्वे हवी आहे, आणि दुर्बिणीसाठी आपण काय सोडतो आहोत हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. मात्र या वादात विज्ञान की विकास अशा घोषणा जितक्या ऐकू आल्या, तितकी ‘किती अंतरावर, कोणत्या वारंवारतेला, किती तीव्रतेचा व्यत्यय’ ही चर्चा ऐकू आली नाही. डोंगराचा आडोसा, बोगदा, मार्गापासूनचे अंतर आणि तारेच्या जोडांची देखभाल या प्रत्येकाने व्यत्यय किती उतरतो, हे मोजता येण्यासारखे प्रश्न आहेत.

त्यांतील काही मोजमाप महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यात आहे. संगणकाला जोडता येणारा आणि सुमारे २५ ते १७०० मेगाहर्ट्झ ऐकणारा लहान ग्राहक काही हजार रुपयांत मिळतो. ३२७ मेगाहर्ट्झसाठी त्याला जोडायची द्विध्रुव अँटेना म्हणजे प्रत्येकी २३ सेंटिमीटरचे तांब्याच्या तारेचे दोन तुकडे. पदवीच्या तिसऱ्या वर्षातील दोन विद्यार्थ्यांना विद्युतीकरण झालेल्या एखाद्या विद्यमान मार्गाजवळ, उदाहरणार्थ मनमाड किंवा दौंड परिसरात, रीतसर परवानगीने १००, ५०० आणि १,००० मीटर अंतरांवर गाडी जाण्यापूर्वीच्या, जातानाच्या आणि गेल्यानंतरच्या नोंदी घेता येतील. अँटेना प्रथम आडवी आणि मग उभी धरून ध्रुवणाचा परिणाम तपासता येईल. राष्ट्रीय विज्ञानदिनानिमित्त खोडद येथे भरणाऱ्या विज्ञानप्रदर्शनात शाळा-महाविद्यालयांचे प्रकल्प मांडले जातात. तेथे या नोंदी दुर्बिणीच्या अभियंत्यांसमोर ठेवून तपासून घेता येतील.